गरज काय होती, ते आधी सांगा
रोग टळणार असेल तर भ्रूणाची जनुकं बदलण्यात गैर काय, असं काही जण विचारतात. २०१८चं चीनमधल्या शेन्झेनचं प्रकरण बघा. ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने भ्रूणांतलं सीसीआर५ जनुक (एचआयव्हीला पेशीत शिरायला लागणारं) कापलं, जुळ्या मुली जन्मल्या. एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या, याच जनुकातल्या नैसर्गिक बदलात डीएनएची नेमकी ३२ अक्षरं गळलेली असतात. इथे तसं झालंच नाही. क्रिस्पर फक्त कापतं. तुटलेली टोकं पेशी जमेल तशी सांधते. एकीच्या या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत १५ अक्षरं गळली, दुसरी प्रत शाबूत. म्हणजे संरक्षणाची खात्री नाहीच. शिवाय तपासणीला भ्रूणाच्या मोजक्याच पेशी काढतात. उरलेल्यांत वेगळा बदल असला तर कळणार कसा? एचआयव्हीबाधित होते वडील, आणि त्यांचे शुक्राणू धुऊनच, म्हणजे विषाणू असू शकणाऱ्या द्रवातून वेगळे करूनच, वापरले होते! संसर्ग तिथेच टळत होता. मग निरोगी भ्रूणांवर हा प्रयोग कशासाठी?