मदत हवी आहे: 'बनगरवाडी'तल्या हृदयस्पर्शी प्रसंगांवर उत्तर कसं लिहू?

नमस्कार. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, दारव्ह्याकडच्या एका खेड्यातून एसटीनं कॉलेजला जाते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तेही होत नाही, म्हणून इथे विचारतेय.

सराव परीक्षेत व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर 'कादंबरीतील हृदयस्पर्शी प्रसंगांचे विवेचन करा' हा प्रश्न होता. मी चार पानं लिहिली, 16 पैकी 5 मिळाले. वर लाल शेरा: 'कथानक नको, विवेचन हवे.' प्रत्येक प्रसंगाखाली मी 'हा प्रसंग मनाला चटका लावून जातो' असं लिहिलं होतं, बहुतेक सहा वेळा. गाईडात तसंच असते.

मी तीन प्रसंग घेतले होते. शेकूची बायको बैलाच्या जागी जू ओढते तो, अंजीच्या चोळीवरून कारभारी मास्तरांवर रागावतो तो, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते तो. पहिला वाचताना मला खरंच रडू आलं. तीन वर्षांपूर्वी ऐन डवरणीत, म्हणजे पिकातलं तण काढायच्या दिवसांत, आमच्या एका बैलाला पान लागलं, साप चावला. बाबांनी डवरा धरला आणि मायनं दोर ओढला. हे पेपरात लिहिलं तर चालते का? मैत्रीण म्हणते, मार्क कापतील.

काळीमाती: मैत्रिणीचं बरोबर आहे, मायचं लिहू नको. पण तिच्यामुळे तुला जे दिसलं ते लिही. कादंबरी सांगतो कोण? मास्तर. औंध संस्थानातला पगारी नोकर, वाडीत बाहेरून आलेला. त्यानं हे पाहिलं आणि साध्या शब्दांत सांगितलं, गळा काढला नाही. म्हणून ते लागते. तू 'चटका' सहा वेळा लिहिलं, लेखकाला एकदाही लिहावं लागलं नाही. हा फरक दाखवणं म्हणजेच विवेचन. प्रसंग चार ओळींत संपव, 'का लागतो' याला पान दे.

कादंबरी घडते त्या माणदेशात पाऊस कमी, म्हणून मेंढरं आणि पोट दोन्ही त्या एका पावसावर. हे सुरुवातीलाच आलं तर शेवटची ओस वाडी वेगळी समजवावी लागत नाही.

जुना मास्तर: थोडा वेगळा मुद्दा. चोळीचा प्रसंग गाळू नका, सगळे शेकूवरच लिहितात. तिथे मरण नाही, भूक नाही. चांगल्या मनानं केलेली गोष्ट गावाच्या नजरेत वाकडी ठरते, आणि म्हाताऱ्या कारभाऱ्याचा विश्वास गेल्यावर मास्तर वाडीत एकटा पडतो. मी पेपर तपासले आहेत, एवढं लिहिणारं पोर पन्नासात एखादंच. आणि मायबद्दल एक वाक्य शेवटी टाकलं तर मी तरी मार्क कापले नसते. काळीमाती, रागावू नका.

काळीमाती: तुम्ही नसते कापले. पण तपासणारे तुम्हीच असाल कशावरून?

धागाकर्ती: दोघांचेही आभार. मायचं नाही लिहीत. पहिली ओळ अशी केली: 'शेकूच्या बायकोबद्दल मास्तर हळहळत नाही, तो फक्त बघतो.' चालेल का? 'फक्त' ठेवू की काढू?

काल रात्री लाईट आल्यावर मायला तो प्रसंग वाचून दाखवला. ती कापूस निवडत होती. म्हणे, "त्या बाईनं जू घेतलं का दोर?" मी म्हटलं, जू. तर म्हणे, "मंग बरं. दोर छातीले कापते."