फाइल कुठं सेव्ह करायची, हे एकदाच सांगू द्या ना!

कोर्टाजवळचा टायपिंगवाला, सोलापूर
प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं, दिवसभर हेच काम. दोन महिन्यांपूर्वी दस्तऐवजांचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. बाकी झकास आहे, जोडाक्षरंही नीट उमटतात. पण नवी फाइल कायम कुठं ठेवायची, ही सेटिंगच त्यात नाही. मला सगळं डी ड्राइव्हवरच्या ‘पक्षकार’ फोल्डरात हवंय. हे मात्र शेवटी जिथं सेव्ह केलं होतं, तीच जागा पुढं करतं.

परवा मोहोळचे एक आजोबा वाटणीपत्र करायला आले. आधीच्या गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह मशीनलाच होता. मी सवयीनं सेव्ह, एंटर केलं आणि फाइल बंद केली. तेवढ्यात तो माणूस आला, पेनड्राइव्ह काढला आणि गेला. दुसऱ्याच्या घरची वाटणी त्याच्या खिशात! चार पानं पुन्हा टाइप केली. आजोबांची एसटी चुकली.

जुना कारकून
सेटिंगपेक्षा सवय बदला. आधी योग्य फोल्डर उघडा, तिथंच राइट क्लिक करून नवी फाइल बनवा, नाव द्या, मग टायपिंग. फाइल जन्मापासून आपल्या घरात राहते. आणि विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ आहे, तिथून ते डी ड्राइव्हवर हलवता येतं. प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी जागा ठरवत बसलात तर मशीन बदलताना काय कुठं आहे ते तुम्हालाच सापडणार नाही.

टायपिंगवाला
काका, डॉक्युमेंट्स हलवून झालंय. पण जे सॉफ्टवेअर शेवटची जागा धरून बसतं, ते तिकडं बघतच नाही. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं ही जागा ठरवता येते. लिब्रेऑफिस तर फुकट आहे, त्यातही ऑप्शन्समध्ये ‘पाथ्स’ आहे. मग पैसे मोजून घेतलेल्यात का नको? समोर पाच माणसं उभी असताना आधी फोल्डर शोधायचं कसं, सांगा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
टायपिंगवाल्यांशी सहमत. आमच्या टॉवेल कारखान्यात एका मशीनवर तिघं बसतात. कोटेशनच्या तीन फायली तीन ठिकाणी, तिन्हींचं नाव ‘फायनल’. गिऱ्हाइकाला जुनाच दर गेला. यात शिस्त कुणाची काढणार?

नेटवरच काम करणारी
हे सगळं सोडा आणि गूगल डॉक्स वापरा. सेव्ह दाबायचंच नाही. १५ जीबी फुकट आहे. हार्ड डिस्क गेली तरी फाइल राहते, हे मला फार मोलाचं वाटतं.

टायपिंगवाला
ताई, नेट गेलं की दुकान बंद ठेवू का? शिवाय लोकांचे आधार नंबर, जमिनीचे गट नंबर माझ्याकडं विश्वासानं येतात. ते कुठं राहतात हे मला माहीत असलंच पाहिजे. आणि तिथंही थेट नवा कागद उघडला तर तो ‘माय ड्राइव्ह’मध्येच पडतो, हव्या फोल्डरात नंतर हलवावा लागतो.

जुना कारकून
पेनड्राइव्हचा किस्सा गंभीर आहे, ते मान्य. तरी सेटिंग मागताना एवढं लिहा, की ती फक्त नव्या फाइलला लागू हवी. जुनी फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’ केलं तर तिचंच फोल्डर उघडायला हवं. नाहीतर माझ्यासारख्याची इतक्या वर्षांची मांडणी विस्कटेल.

टायपिंगवाला
हे बरोबर बोललात, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कंपनीला मेल लिहितोय, त्यात तुमचा मुद्दा पहिला घालतो. आणखी एक मागतोय: पेनड्राइव्हवर सेव्ह होत असेल तर आधी विचारावं. उत्तर आलं की इथंच टाकतो.