मधला सर्व्हर कशासाठी?

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरली आहे. वाचकाच्या ब्राउझरमधूनच डेटाबेसला थेट विचारता येत असेल, तर मध्ये आणखी एक सर्व्हर कशासाठी ठेवायचा?

पहिले उत्तर: ब्राउझरला पोस्टग्रेसशी थेट बोलता येत नाही; आणि ब्राउझरकडे गेलेला मजकूर वाचकाला उघडून पाहता येत असल्याने डेटाबेसचा पासवर्डही त्याच्या हाती पडेल. मधला सर्व्हर शोधलेला शब्द तपासून तो पॅरामीटर म्हणून, म्हणजे मजकुरापासून वेगळे मूल्य म्हणून, क्वेरीला (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाला) देतो आणि केवळ पुस्तकाचे नाव, लेखक व कपाट क्रमांक परत पाठवतो. तो शब्द क्वेरीच्या मजकुराला कधीही नुसता जोडू नका. एका अवतरणचिन्हानेही क्वेरीचा अर्थ पालटतो.

दुसरे उत्तर: पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालू करते आणि मूळ सेटिंगमध्ये सहसा १०० जोडण्यांचीच मर्यादा असते. मधल्या सर्व्हरने १० जोडण्या उघड्या ठेवून त्याच आलटून पालटून वापरल्या, तर कितीतरी अधिक वाचकांचे काम निभते. ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट (जोडण्या स्वीकारण्याचे क्रमांकित दार) मात्र इंटरनेटवर उघडा ठेवू नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये पासवर्ड लिहिलेला होताच. तो आजच बदलतो.