नाकाबंदीत सापडलेला भाचा आणि माफीनामा लिहून दिलेली पुतणी : वकील कोणत्या टप्प्यावर गाठावा?

गोदाकाठचा :
नमस्कार. गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात लागोपाठ दोन प्रकरणे उभी राहिली आहेत. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालेला असल्यामुळे घरात मला कायद्यातले कळते असा सर्वांचा गैरसमज आहे, आणि म्हणून दोघेही माझ्याकडेच आले.

पहिले प्रकरण भाच्याचे. तो २६ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. मित्राच्या साखरपुड्याहून दुचाकीवरून परतताना रात्री नाकाबंदीत त्याला थांबवले, यंत्रात फुंकायला लावले आणि आकडा ४८ आला. परवाना काढून घेऊन पावती दिली. न्यायालयाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. एका ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला असा, की गुन्हा कबूल करावा, दहा हजार भरावेत आणि दुपारच्या जेवणाला घरी यावे. पण त्याला पुढच्या वर्षी शिकण्यासाठी कॅनडाला जायचे आहे.

दुसरे पुतणीचे. ती २० वर्षांची. एका मोठ्या दुकानात १,३०० रुपयांची प्रसाधने तिच्या पिशवीत सापडली. पैसे द्यायचे राहून गेले असे ती म्हणते. ते खरे की खोटे, हे मी ठरवू शकत नाही. दुकानातल्या लोकांनी तिला आतल्या खोलीत दोन तास बसवून ठेवले, ‘मी चोरी केली’ असा माफीनामा लिहून घेतला, आणि सोमवारपर्यंत तेरा हजार आणून दिले नाहीत तर पोलिसांत देऊ असे सांगून सोडले. दोन्ही ठिकाणी पैसे भरून मोकळे व्हावे, की वकील करावा?

कोर्टकाम :
मी दंडाधिकारी न्यायालयात वकिली करतो. आधी भाच्याचे पाहू, कारण ‘जेवणाला घरी’ हा सल्ला मी दर आठवड्याला ऐकतो आणि त्याची किंमत लोकांना नंतर कळते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळला, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसऱ्या वेळी हीच मर्यादा दोन वर्षे आणि पंधरा हजारांवर जाते. म्हणजे आज ‘कबूल’ म्हणून भरलेले दहा हजार हे सिग्नल तोडल्याच्या चलनासारखे नसतात. ती दोषसिद्धी असते, आणि पुढच्या वेळी हिशेब तिच्यापासून सुरू होतो. शिवाय कलम २० नुसार या गुन्ह्यात दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने किमान सहा महिने परवान्यासाठी अपात्र ठरवायचे असते. दंडाची रक्कम सांगणारे ओळखीचे गृहस्थ हा भाग सहसा सांगत नाहीत.

आता परवान्याचा मुद्दा, जो लोकांना ठाऊकच नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यात पोलीस परवाना जप्त करून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे पाठवतात. ते कार्यालय धारकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित करू शकते. ही सुनावणी न्यायालयातल्या खटल्याहून वेगळी असते. तिची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नका. आणि हातात असलेली पावती ही वाहन चालवण्याची परवानगी नव्हे. कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. इतर काही गुन्ह्यांत जप्तीच्या पावतीवर गाडी चालवता येते, म्हणून येथे हमखास घोटाळा होतो.

बचावाबद्दल स्पष्ट सांगतो. ‘रक्त घेतलेच नाही, म्हणून खटला पडेल’ यावर विसंबू नका, कारण श्वासाच्या यंत्रावरील नोंद आता कलमातच आहे. पाहायचे ते असे : यंत्राची छापील पट्टी दिली का, तिच्यावर वेळ आणि नाव बरोबर आहे का, यंत्राची नियमित तपासणी झाल्याचा दाखला सरकार पक्ष सादर करतो का. कागदपत्रांची प्रत हाती आल्याशिवाय कबुली द्यायची की नाही, हे मीही सांगणार नाही. कधी कधी कबुली हाच शहाणपणाचा मार्ग असतो. फक्त तो कागद वाचून निवडावा, न्यायालयाच्या आवारात भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून नव्हे.

कॅनडाबद्दल एवढेच. तिथे मद्यपान करून वाहन चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा डिसेंबर २०१८ पासून दहा वर्षे झाली आहे, त्यामुळे प्रवेशाच्या बाबतीत हा गुन्हा गंभीर गुन्हेगारीत मोडतो. मात्र तिथली रक्तातील मद्यांशाची फौजदारी मर्यादा ८० आहे आणि आपली ३०. तुमच्या भाच्याचा आकडा ४८ असल्यामुळे ती छापील पट्टी जपून ठेवा. परदेशातल्या गुन्ह्याची तिथल्या कायद्याशी तुलना होते, तेव्हा नुसत्या निकालपत्रापेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडू शकतो. अर्जात काहीही लपवू नका, आणि तिथल्या इमिग्रेशन वकिलाला येथे कबुली देण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

निवृत्त फौजदार :
वरच्या सल्ल्यात पोलिसांच्या बाजूने थोडी भर घालतो. नाकाबंदीत फुंकायला नकार देणे ही हुशारी समजणारे पुष्कळ भेटले. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ नुसार आरोपीच्या विरोधात धरता येतो. तुमच्या भाच्याने हुज्जत घातली नाही, हे त्याच्या भल्याचेच झाले. घातली असती तर सरकारी कामात अडथळ्याचे दुसरे कलम मागे लागले असते. अटक झालीच, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावे लागते. हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटवता येण्यासारखा नाही, म्हणून कोणी रोख मागितली तर तो दंड नाही एवढे ओळखावे. आमच्याच खात्याबद्दल हे लिहिताना मला आनंद होत नाही.

काउंटरमागचा :
मी अनेक वर्षे एका दुकानसाखळीत शाखा सांभाळली. पुतणीच्या बाबतीत जे झाले, ते बऱ्याच दुकानांत चालते, आणि ते चालवणाऱ्यांत मीही होतो. वरिष्ठांचा हेतू चोर पकडण्यापेक्षा महिनाअखेरीची तूट भरून काढण्याचा असे. ‘किमतीच्या दहापट’ हा आकडा कोणत्याही कायद्यात नाही; आमच्या कार्यालयात कोणीतरी तो ठरवला होता आणि भिंतीवर फलक लावून त्याला नियमाचे रूप दिले होते. माझा अनुभव असा, की वकिलाचे साधे पत्र आल्यावर निम्म्याहून अधिक प्रकरणे तिथेच थांबत. तसेच सीसीटीव्हीचे चित्रण फार दिवस ठेवले जात नाही. ते मुलीच्या बाजूचे असण्याची शक्यता असेल, तर जतन करण्याची लेखी मागणी आजच करा.

गोदाकाठचा :
सर्वांचे आभार. कोर्टकाम यांना एक विचारतो : पुतणीने कागदावर ‘चोरी केली’ असे स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. आता वकील करून काय उपयोग? आणि घरात माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे तिच्या वडिलांना, सांगावे का?

कोर्टकाम :
शेवटच्या प्रश्नावर वकिली चालत नाही. पहिल्यावर चालते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. पण दुकानाचा व्यवस्थापक पोलीस नव्हे, म्हणून त्याच्यापुढे लिहिलेला माफीनामा त्या बंदीत आपोआप बसत नाही. पोलीस ठाण्यात बोललेल्या शब्दांपेक्षा आतल्या खोलीत लिहिलेला कागद अधिक त्रासदायक ठरतो, तो असा. मात्र तो दोन तास बसवून, धाक दाखवून घेतला असेल तर त्याचे वजन घटते. म्हणून तिला आजच, स्मरण ताजे असताना, किती वाजता काय झाले, खोलीत कोण होते, महिला कर्मचारी होती का, फोन करू दिला का, हे तारखेसह लिहून ठेवायला सांगा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, तर गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत. पहिलीच दोषसिद्धी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. मालकाची तयारी असल्यास हा गुन्हा आपसात मिटवताही येतो. धोका आहे तो कलम ३०५ चा : मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून ते लावले, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि तडजोडीची सोय उरत नाही. कोणते कलम लागते आहे यावर पहिल्याच दिवशी लक्ष ठेवायला वकील हवा असतो.

खासगी व्यक्तीला एखाद्याला धरून ठेवण्याचा अधिकार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरताच आहे. १,३०० रुपयांच्या चोरीसाठी दोन तास कोंडणे त्यात बसवणे दुकानाला अवघड जाईल, आणि तक्रारीची भीती घालून दहापट रक्कम मागणे हे खंडणीकडे झुकते. तेरा हजार देऊ नका. वस्तू दुकानात राहिल्या असतील तर किमतीचा प्रश्नही उरत नाही. सोमवारी तिला एकटी पाठवू नका. आधी वकिलाचे पत्र जाऊ द्या. खर्चाची अडचण असेल तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

गोदाकाठचा :
पुतणीने चार पाने लिहून काढली. तिला खोलीतल्या घड्याळाची वेळसुद्धा आठवत होती. प्राधिकरणाच्या कार्यालयात उद्या सकाळी तिला घेऊन जातो. भाचा गेले दहा दिवस त्या पावतीवर बिनदिक्कत दुचाकी चालवत होता, हे आज विचारल्यावर कळले. तो आता बसने कामावर जातो. दादाला मी आज रात्री सांगणार आहे.