मदत हवी आहे: हॉटेलच्या शाम्पू-साबणावर किंमतच नसते, असा माल पाहुण्यांना द्यावा का?

नमस्कार मंडळी,

गुहागरला आमच्या आगरात चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे, आई आणि मी चालवतो. आधी खोल्यांत किराणा दुकानातल्या शाम्पूच्या पुड्या आणि नेहमीच्या साबणाच्या वड्या ठेवायचो. गेल्या दिवाळीत चिपळूणच्या घाऊक दुकानातून पहिल्यांदाच हॉटेलचा माल आणला, 30 मिलीच्या बाटल्या आणि चुण्या घातलेल्या कागदातले 20 ग्रॅमचे साबण.

मे महिन्यात पुण्याच्या एका आजींनी बाटली हातात धरून विचारलं, "अगं, यावर किंमत नाही. डुप्लिकेट तर नाही ना? नातीच्या डोक्याला लावायचंय." मला काही सांगता येईना. रात्री खोका उघडून बसले. 'किरकोळ विक्रीसाठी नाही' एवढं इंग्रजीत छापलंय, खाली बारीक अक्षरं. आत काय घातलंय ते कुठेच नाही. माझ्यावर विश्वास ठेवून माणसं लेकराबाळांना घेऊन येतात, म्हणून हे मनाला फार लागलं.

साबणाचं दुखणं वेगळं. दुकानातली वडी पावसाळाभर कपाटात ठणठणीत राहते. या साबणाचा कागद आषाढात असा चिकटतो की सोलताना वरचा पापुद्रा निघतो आणि पाहुण्याला वाटतं, कुणाचा तरी वापरलेला साबण दिला. त्यात आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ, फेस येत नाही, मग एकाच्या जागी दोन साबण लागतात.

परवा शिंपणं करताना आईला पोफळींच्या पाटात बाटल्यांची सात टोपणं सापडली. तेव्हापासून ती म्हणतेय, न्हाणीघरात भिंतीवरचा शाम्पूचा पंप लाव. लावावा का? आणि बिनकिमतीचा माल ठेवणं नियमात बसतं का?

प्रतिसाद, हर्णैहून:

ताई, नुसती किंमत नाही म्हणून माल खोटा ठरत नाही. एमआरपीची सक्ती वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याच्या, 2011 च्या आवेष्टित (बंद पाकिटातल्या) वस्तू नियमांतली, ती दुकानात विकायच्या मालाला. हॉटेलनं स्वतःच्या वापरासाठी उत्पादकाकडून किंवा घाऊक विक्रेत्याकडून घेतलेला माल त्यातून वगळलाय, ती इंग्रजी ओळ त्यासाठीच असते. उरलेल्या बाटल्या कुणाला दुकानात विकायला मात्र देऊ नका.

घटकांची यादी 60 मिलीच्या आतल्या बाटलीवर आणि 30 ग्रॅमच्या आतल्या वडीवर नसली तरी चालते, सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांतच तशी सूट आहे. तरी विक्रेत्याकडून यादी मागून घ्या आणि खोलीत लावा, आजींसारखं विचारणारे बरोबरच विचारतात. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि वापरायची मुदत मात्र बघाच.

पंप जरूर लावा, कुलपाचा घ्या. पाच लिटरचा कॅन आणून वरून भर घालत बसू नका. तळाशी जुना शाम्पू राहतो, त्यात पाणी शिरलं की जंतू वाढतात. पूर्ण रिकामा करायचा, धुवायचा, खडखडीत वाळवायचा, मगच भरायचा. पावसात वाळत नाही, म्हणून दोन पंप जास्तीचे ठेवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत साधे गंजतात आणि टाइलवर तांबडे ओघळ येतात. साबण कागदातलेच राहू देत, पण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पाहुणे येतील त्या दिवशीच बाहेर काढा.

धागाकर्ती:

खूप आभार दादा! आत्ताच खोका काढून पाहिला. शाम्पूवर परवाना क्रमांक, मुदत सगळं आहे. साबणाच्या कागदावर मात्र नुसतं फुलाचं चित्र आणि 'हर्बल'. उद्या पहिल्या एसटीनं साबण परत घेऊन जाते. चार खोल्यांना पंप किती मिलीचा पुरेल?