हायफन अर्थ सांगतो की नुसती जागा अडवतो?

शाईचा डाग: 'इंग्रजी शब्दांतील हायफन ही छापखान्याची खोड आहे, अर्थाशी तिचा काडीचाही संबंध नाही,' हे 'निवांत' यांचे कालचे विधान वाचून झोप उडाली. मी तीस वर्षे मुद्रितशोधन करतो. एका करारपत्राच्या इंग्रजी मसुद्यात 'री-साइन', म्हणजे पुन्हा सही करणे, यातला हायफन टंकलेखकाने गाळला, तेवढ्याने त्याचा 'रिझाइन' झाला आणि आमच्या नवख्या अनुवादकाने 'उभय पक्षांनी राजीनामा द्यावा' असे मराठी करून टाकले. 'को-ऑप' ही सहकारी संस्था. हायफन काढला की उरते ते 'कूप', कोंबड्यांचे खुराडे.

निवांत: ही गोष्ट हायफनची नसून संदर्भ न वाचणाऱ्या अनुवादकाची आहे. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाने २००७च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांचे हायफन काढले. 'आइस-क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'क्राय-बेबी' जोडून एक झाला. त्यानंतर आइस्क्रीम मागवताना कोणाची फसगत झाली असल्यास कृपया कळवावे. शिवाय देवनागरीत 'री-साइन' आणि 'रिझाइन' मुळातच वेगळे लिहिले जातात; तेव्हा दोष रोमन लिपीचा आहे.

शाईचा डाग: लिपी उच्चार दाखवत नाही म्हणूनच तिथे ते काम हायफनला करावे लागते, हे आपण स्वतःच सिद्ध केलेत, आभार! कोशाने हायफन काढले ते मुख्यतः नामांचे. नामापूर्वीच्या जोडविशेषणाचे काय? 'मॅन-ईटिंग शार्क' हा माणसे खाणारा मासा. हायफन नसेल तर तो शार्क खाणारा माणूसही ठरू शकतो.

ओळतोडे: आपण दोघेही भलत्याच हायफनवर भांडत आहात. खरा घात ओळीच्या शेवटी होतो. 'लेजंड्स' हा शब्द चुकीच्या जागी तोडला की वरच्या ओळीत 'लेग' आणि खालच्या ओळीत 'एंड्स' उरते, आणि दंतकथांचा पाय मोडतो. अमेरिकी कोश उच्चारावरून 'हेलिकॉप' असे तोडून 'टर' खाली ढकलतात. वास्तविक तो शब्द ग्रीक 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख यांचा, तेव्हा सांधा 'हेलिको'नंतर आहे. ब्रिटिश मुद्रकांची जुनी रीत व्युत्पत्तीला मान देणारी होती. आता संगणकशास्त्रज्ञ फ्रँक लियांग यांनी १९८३ साली प्रबंधात मांडलेल्या पद्धतीसारख्या पद्धतींनी संगणक अक्षरांचे नमुने जुळवून शब्द कुठे तोडायचा ते ठरवतो आणि अक्षरजुळणी करणारा चहा पितो.

निवांत: म्हणजे ओळ तोडण्यासाठी आधी ग्रीक शिकायचे? अशा पांडित्यामुळेच मुले इंग्रजीला घाबरतात.

ओळतोडे: घाबरवतात ते पाठांतर करून घेणारे. माझ्या मुलीला 'टेरोडॅक्टिल'च्या आरंभी मुका 'पी' कशाला, हा प्रश्न वर्षभर छळत होता. मी 'हेलिकॉप्टर' सांध्यावर तोडून दाखवला तेव्हा तोच पंख तिला त्या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यात सापडला, आणि स्पेलिंग पुन्हा कधी चुकले नाही. आपल्याला याला पांडित्य म्हणायचे असल्यास खुशाल म्हणावे.

शाईचा डाग: मूळ मुद्दा हेलिकॉप्टरने पळवला, तरी सांध्याची गोष्ट मला पटली. मात्र अरुंद स्तंभात 'हेलिको'वर तोडलेला शब्द वाचताना वाचक अडखळतो, हेही मी रोज पाहतो. तिथे मी अमेरिकनांच्या बाजूने आहे, नाइलाजाने.

निवांत: एका मुलीच्या स्पेलिंगवरून नियम ठरत नसतात. तरीही शार्कपुरता हायफन मी मान्य करतो, कारण मला समुद्रात पोहायची सवय आहे. आइस्क्रीमचा मात्र परत मिळणार नाही.