रेडिओ क्लबची जेट्टी: विरोध नेमका कशाला?

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ, रेडिओ क्लबपाशी होणाऱ्या नव्या जेट्टीला (बोटींच्या धक्क्याला) विरोध म्हणजे कुलाब्याच्या श्रीमंतांची कुरकुर, असं काही जण म्हणतात. हे अर्धंच खरं. अलिबागजवळच्या मांडव्याला, घारापुरीला जाणाऱ्यांना चांगला धक्का हवाच. आज गर्दीच्या वेळी एका लाँचवरून दुसऱ्या लाँचवर पाय टाकत उतरावं लागतं, सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असली की जीव मुठीत असतो. त्यामुळे ही जेट्टी बांधणाऱ्या महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने (राज्याची बंदरं आणि जेट्ट्या पाहणारी सरकारी संस्था) मांडलेली मूळ गरज मला मान्य आहे.

पण सुमारे 229 कोटींच्या आराखड्यात 150 गाड्यांचं पार्किंग, व्हीआयपी लाउंज आणि अँफिथिएटर कशाला? त्या अरुंद रस्त्यावर आधीच गाड्या तुंबतात. शिवाय रहिवाशांना विश्वासात न घेता काम सुरू झालं, हा आक्षेप रास्तच होता.

जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील दिला, तोही अटी घालून: अँफिथिएटर फक्त प्रवाशांना थांबण्यासाठी, कॅफेत फक्त पाणी आणि पाकीटबंद खाणं, आणि जुन्या जेट्ट्या नौदलाच्या सूचनेनुसार टप्प्याटप्प्याने बंद. या अटी पाळल्या जातात का, हे कोण तपासणार? मेरिटाइम बोर्डाने ते आत्ताच जाहीर करावं.